निरोप्यांची वंशावळ

बोईसरजवळच्या पाम गावाच्या शिवारात उभे राहा आणि तारापूरच्या बाजूला कान द्या. वर्ष १७३९, महिना जानेवारी. बोईसरचं स्टेशन व्हायला अजून सव्वाशे वर्षं आहेत आणि इथल्या कारखान्यांची धुराडी उभी राहायला त्याहूनही पुष्कळ जास्त. पायाखाली कापलेल्या भाताचे खुंट आहेत, अंगाला खारा वारा लागतो आहे, आणि तोफ वाजली की खाजणातले बगळे एकदम उठतात. या मुलखाला लोक फिरंगाण म्हणतात. किनाऱ्यावरच्या कोटांत पोर्तुगीज बसले आहेत आणि चिमाजी अप्पांची फौज एकेक कोट घेत निघाली आहे. माहीम पडलं. आता तारापूर.

तुम्ही या फौजेत तलवार चालवायला आलेला नाहीत. तुम्ही जासूद आहात. कमरेला मेणकापडात गुंडाळलेली थैली, हातात काठी, आणि बरोबर तुमच्याहून थोरला असा दुसरा जासूद. महत्त्वाचं पत्र एकट्याच्या हाती देत नाहीत, जोडी पाठवतात. थोरला ओढ्याकाठी ओंजळीनं पाणी पितो आणि तोंड पुसत म्हणतो, “वाटेत मी पडलो तर माझ्यापाशी बसू नकोस रे. थैली घे आणि चालू लाग.” तुम्ही मान हलवता. या कामातला हा पहिला नियम. पुढे ज्या ज्या काळात तुम्ही जाल तिथे तो तुम्हाला भेटणार आहे, फक्त सांगणाऱ्याची भाषा आणि अंगावरचा पोशाख बदललेला असेल.

तारापूरच्या कोटासमोरच्या मोर्च्यांत पोहोचता तेव्हा भिंतीखाली सुरुंग भरणं चाललेलं आहे. नगारा आहे, कर्णे आहेत, निशाणं आहेत; पण वेढ्यातली सगळ्यांत मोठी खूण म्हणजे सुरुंगाचा स्फोट. भिंत उडाली की धावायचं. आधी धावलात तर आपल्याच दारूनं उडाल, उशिरा धावलात तर आतला शत्रू खिंडाराशी उभा राहिलेला असेल. हा हिशेब किती जीवघेणा असतो ते याच किनाऱ्यावर चार महिन्यांनी वसईला दिसलं. तिथे काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत आणि मराठे खिंडारात शिरल्यावर उडाले. माणसं आपल्याच सुरुंगांनी मेली. लढाईत खूण चुकली की किंमत अशी मोजावी लागते, आणि म्हणून खूण देणारा, ती पोहोचवणारा माणूस लढणाऱ्याइतकाच लढाईतला असतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ते पटवून देण्यासाठी मी तुम्हाला या शिवारातून बऱ्याच लांब नेणार आहे.

तारापूरच्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडतात. पेशवे बाजीरावांना ते भावासारखे. कोट हाती आला, पण ही बातमी घेऊन कुणीतरी निघायला हवं, आणि थैली तुमच्या कमरेला बांधली जाते. जिंकल्याची बातमी आणि माणूस गेल्याची बातमी एकाच थैलीत. पुढे बाजीरावांनी बाजी भिवरावांच्या आईला लिहिलेलं सांत्वनपत्र मराठी इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. अशी पत्रं आपण वाचतो, जपतो, छापतो. ती ज्या पायांनी पोहोचली त्या पायांचा आपण विचार करत नाही.

आता इथेच थांबा आणि १८६४ साल येऊ द्या. पेशवाई गेली, कंपनी गेली, राणीचं राज्य आलं. मुंबईहून सुरतेकडे जाणारा बीबीसीआय रेल्वेचा रूळ वर्षअखेरीस या भागातून धावू लागतो, आणि रुळासोबत खांब येतात, खांबांवर तार. स्टेशनात एक माणूस पितळी खटका दाबतो. जासुदाला मुंबई गाठायला जे दिवस लागत ते काही क्षणांवर आले. पण खांब वादळात पडतो, तार तुटते, आणि तुटली की कुणीतरी पावसात चालत जाऊन तुटलेली जागा शोधायची असते. पाय सुटलेले नाहीत.

तिथून सरळ १९११. तुम्ही गंगेकाठच्या फतेहगडला आहात, १५ फेब्रुवारीची थंड सकाळ आहे, आणि लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल या रॉयल इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ३१वी आणि ३२वी डिव्हिजनल सिग्नल कंपनी उभी राहते आहे. तोवर लष्करातलं हे काम सॅपर्सकडे होतं, म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससारख्या तुकड्यांकडे, आणि काही काम प्रत्येक पलटणीतल्या आपापल्या झेंडेवाल्यांकडे. आजपासून निरोप पोहोचवणं हे स्वतंत्र लष्करी काम झालं. भारतीय लष्कराचा सिग्नल विभाग आजही १५ फेब्रुवारी हाच आपला स्थापनादिन मानतो.

तुमच्या हातात हेलिओग्राफ दिला जातो. तिवईवर बसवलेला गोल आरसा, मधोमध पारा काढलेला बारीक ठिपका. त्या ठिपक्यातून नेम धरायचा, खटका दाबून आरसा किंचित कलवायचा, आणि उन्हाची तिरीप मैलोन्मैल लांबच्या टेकडीवर उघडझाप करू लागते. हेन्री मॅन्स या तारखात्यातल्या माणसानं १८६९च्या सुमारास हे यंत्र बनवलं. ना तार, ना खांब, ना दारूगोळा. सूर्य हवा. तो मावळला की दिवा, दिवा दिसेना झाला की झेंडा, झेंडा दिसेना झाला की खेचरावर लादलेली तारेची रिळं, आणि तार तुटली की पुन्हा पाय.

१९१४च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरात उभे राहा. धक्क्यावर घोडे, खेचरं, तोफा, पोती. सहाव्या पुणे डिव्हिजनच्या तुकड्या बोटींवर चढताहेत. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आहेत किंवा मागाहून येऊन मिळणार आहेत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर अशा जिल्ह्यांतले हे लोक. आई, बायको, शेत मागे ठेवून निघालेले. डिव्हिजनच्या निरोपांचं काम ३४व्या डिव्हिजनल सिग्नल कंपनीकडे आहे. तुम्ही आता तिच्यात आहात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फाओला पहिली तुकडी उतरते, महिना संपायच्या आत बसरा हाती येतं.

मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, आणि सिग्नलवाल्याची परीक्षा पाहावी तर या जमिनीनं. ऊन भरपूर आहे, मग हेलिओला काय अडचण? अडचण मृगजळाची. सपाट जमिनीवर तापलेली हवा थरथरते आणि माणूस, उंट, झुडूप, शत्रूची रांग सगळं एकमेकांत मिसळून पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. चढायला टेकडी नाही. नदी फुगली की जमिनीवर टाकलेली तार चिखलात बुडते. रात्री ती तार हातात धरून तुम्ही चालता. दिवा लावायचा नाही. तार तळव्यातून सरकू द्यायची, आणि जिथे ती संपते तिथे गुडघ्यावर बसून, अंधारात चाचपडत दुसरं टोक शोधायचं, सालपट काढायचं, पीळ द्यायचा.

नोव्हेंबर १९१५मध्ये जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपर्यंत पोहोचते, तिथे जबर नुकसान सोसते आणि मागे फिरून कूट-अल-अमारा या तैग्रिसच्या वळणातल्या गावात शिरते. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला खंदक आणि टोकाला मातीचा किल्ला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्क वेढा घालतात. तुम्ही आत आहात.

२४ डिसेंबरची रात्र. तुर्कांनी दिवसभर तोफांनी किल्ल्याची भिंत फोडली आहे आणि अंधार पडल्यावर ते खिंडारातून आत घुसतात. किल्ल्यात ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर १०३वी मराठा लाइट इन्फंट्री आहे. गोळे पडताहेत, माती उडते आहे, जखमी माणसं ओरडताहेत, आणि गावातून किल्ल्याकडे गेलेली तार मेली आहे. एक माणूस निघतो, पाठोपाठ तुम्ही. तारापूरच्या ओढ्याकाठी थोरल्यानं सांगितलेलं आठवा: बसायचं नाही. सकाळपर्यंत किल्ला मराठ्यांच्या आणि गोऱ्यांच्या हातातच राहतो. खिंडारासमोर तुर्कांची प्रेतं पडलेली आहेत, आणि मागे जमिनीवर गाठी मारून मारून जोडलेली एक तार.

नंतर वेढा हल्ल्यांचा राहत नाही, भुकेचा होतो. बाहेरच्या जगाशी गावाला जोडणारी एक गोष्ट उरली आहे, बिनतारी यंत्र. सुटकेसाठी येणारी फौज नदीच्या खालच्या अंगाला आहे. तिचे शब्द तुमच्या कानावरच्या डबीत ठिणग्यांच्या खरखरीतून येतात. जानेवारीत शेख साद, मग वाडी, मग हन्ना इथल्या लढाया. मार्चच्या आठ तारखेला दुजैला. त्या दिवशी त्यांच्या तोफा कूटमधून ऐकू येतात. छपरांवर चढून माणसं तिकडे बघत राहतात. संध्याकाळी आवाज थांबतो. काय झालं ते सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळतं, कारण संदेश तुम्ही घेतलेला आहे, आणि तो अधिकाऱ्याच्या हाती देईपर्यंत तुमच्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. मला वाटतं सिग्नलवाल्याचं खरं अवघड काम हेच असावं. इतरांची आशा जिवंत असताना तिचा शेवट एकट्यानं जाणून असणं.

याच यंत्रावरून आलेला एक संदेश असा आहे की जो कुठल्याही युद्धकथेत सहसा ठळक होत नाही. धान्य संपत आलं आणि घोडे कापायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांपैकी फार थोडे ते मांस खायला तयार झाले. घरी कळलं तर काय, गावात पाणी तरी कोण देईल, ही भीती खरी होती. तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली आणि ती बिनतारीवरून कूटमध्ये आली. काळ तसा असेल तर खाण्यास दोष नाही. तरीही अनेकांनी फार उशिरापर्यंत खाल्लं नाही. स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, पहाऱ्यावर उभी असलेली माणसं कोसळू लागली. त्या संदेशाचे ठिपके आणि रेघा लिहून घेणारा हात तुमचा आहे असं समजा. सेनापतींच्या आज्ञांपेक्षा तो निरोप मला मोठा वाटतो.

एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली जातात. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. पोती थोडी, त्यातली काही नदीत. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ नावाची आगबोट रसद भरून नदीतून येते आणि वाटेत अडकते. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. १४७ दिवस झाले. तोफा फोडल्या जातात, आणि तुम्ही बिनतारी यंत्र फोडता. शेवटचा निरोप गेल्यावर स्वतःचं यंत्र स्वतः मोडायचं, ही आज्ञा पाळताना हात कसा चालला असेल याची कल्पना करा.

सुमारे तेरा हजार लोक कैदेत गेले. त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नात सुमारे तेवीस हजार मारले गेले किंवा जखमी झाले. हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर नेलं. हजारो परतले नाहीत. ३४वी सिग्नल कंपनीही त्याच रांगेत होती.

लष्करात तुकडी नाहीशी झाली तरी तिचं कुळ संपत नाही. क्रमांक बदलतात, नावं बदलतात, दोन तुकड्यांची एक होते, एकीच्या दोन होतात. पण कोण कुणाच्या जागी आलं याची नोंद घराण्याच्या वंशावळीसारखी ठेवली जाते. १९२२ साली कूटच्या किल्ल्यातल्या १०३व्या पलटणीचं नाव बदललं आणि ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. १७६८ साली उभी राहिलेली ही पलटण. लोक तिला जंगी पलटण म्हणतात. तिच्या सन्मानांच्या यादीत कूट-अल-अमाराच्या बचावाचं नाव आहे, आणि असायलाच हवं. सिग्नलची घडी त्याच सुमारास बसली. विशीच्या दशकात जबलपूर हे सिग्नलच्या प्रशिक्षणाचं घर झालं आणि आजही तिथे पहिलं सिग्नल प्रशिक्षण केंद्र आहे.

पण पुढच्या लढाईआधी तुम्हाला पालघरला यायचं आहे, १४ ऑगस्ट १९४२ला. पाच दिवसांपूर्वी मुंबईत गांधीजींसह प्रमुख नेते पहाटे पकडले गेले. तार, टपाल, वर्तमानपत्र सरकारच्या मुठीत. आता निरोप जातो तो तोंडातोंडी: बाजारातून, देवळातून, होडीतून, शाळेच्या पोरांकडून. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड अशा गावांतून माणसं पालघरकडे चालू लागतात. पामहून निघालात तर सालवडचे लोक तुम्हाला वाटेतच भेटतील. कचेरीवर तिरंगा लावायचा आहे. गोळीबार होतो. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे असे पाच जण पडतात. पालघरच्या हुतात्मा चौकातून तुम्ही रिक्षानं जाता तेव्हा त्यांच्याच स्तंभाला वळसा घालता. दोन आठवड्यांनी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू करतात, जागा बदलत, पोलिसांना चुकवत नोव्हेंबरपर्यंत चालवतात. सरकारची बिनतारी आणि लोकांची बिनतारी समोरासमोर. ज्या देशाच्या लष्करात पुढे हा सिग्नल विभाग काम करणार, त्या देशानं निरोपाची ताकद अशीही शिकून घेतली, आणि म्हणून ही नोंद मी या वंशावळीत घालतो.

आता इटली. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नदी कसली, पंधरा फुटांच्या आसपास रुंदीचा प्रवाह. पण दोन्ही काठांवर पुराचे उंच बांध, बांधांत जर्मनांचे खंदक, उतारावर सुरुंग. आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये तीच जंगी पलटण आहे, कूटच्या किल्ल्यातली. आता तिच्याकडे पाठीवर घ्यायचे बिनतारी संच आहेत, तारायंत्रं आहेत, वर विमानं आहेत. तरीही प्रत्येक कंपनीकडे एक धावणारा निरोप्या आहे, लष्करी भाषेत रनर. यंत्र पाण्यात बुडतं, गोळी लागून फुटतं, कुणाचा आवाज कुणाला लागत नाही. तेव्हा कंपनी कमांडरच्या शेजारी उभं असलेलं हे पोर निरोप घेऊन पळतं. तुमच्या कंपनीचा रनर आहे नगर जिल्ह्यातल्या निमजचा शिपाई नामदेव जाधव.

तुम्ही त्याच्या मागे पाण्यात उतरता. छातीला लागणारं पाणी, समोरच्या बांधावरून तीन मशीनगन चालू होतात. कंपनी कमांडर आणि सोबतचे दोघे जखमी होतात. उभा राहतो तो एकटा नामदेव. इथे रनरचं काम काय? मागे जायचं आणि सांगायचं. तो मागे जातो खरा, पण खांद्यावर एक जखमी माणूस घेऊन, खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून. त्याला सुरक्षित ठेवतो, परत येतो, दुसऱ्याला नेतो. मग पुन्हा पुढे. टॉमीगननं एक ठाणं गप्प करतो. हाताला गोळी लागते, बंदूक चालवता येईना म्हणून टाकून देतो आणि हातबॉम्ब घेतो. ते संपले की बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन सोबत्याकडून आणखी आणतो. उरलेली दोन ठाणी मोडतो.

आणि मग तो बांधाच्या माथ्यावर उभा राहतो. मागच्या कंपन्या पलीकडे थांबल्या आहेत. वाट मोकळी झाली हे त्यांना माहीत नाही. जखमी हात, समोर उखळी तोफांचे गोळे पडताहेत, आणि तो शिवछत्रपतींची गर्जना करून हातानं सगळ्यांना पुढे बोलावतो. माणसं उठतात, नदी ओलांडतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर, बिनतारीच्या काळात, बटालियनला मिळालेला निर्णायक संदेश एका मराठी पोराच्या गळ्यातून गेला. जखमी सोबत्यापाशी बसू नकोस हा ओढ्याकाठचा नियम त्यानं मोडला आणि निरोपही पोहोचवला. दोन्ही एकदम करणारा माणूस क्वचित जन्माला येतो. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच दिवशी, याच डिव्हिजनमधल्या अली हैदर या शिपायालाही तो मिळाला. नामदेव जाधव १९८४ साली पुण्यात वारले. शाळेच्या पुस्तकांतून त्यांचं नाव का भेटत नाही, असा प्रश्न मला दरवेळी पडतो.

१९४७ साली सिग्नल कोअरची वाटणी झाली, कुळकथेचा एक वाटा सीमेपलीकडे गेला. पुढे ‘तीव्र चौकस’ हे भारतातल्या कोअरचं ब्रीद झालं.

शेवटचा मुक्काम गोवा. १८ डिसेंबर १९६१ची सकाळ, बांबोळीचं पठार. पोर्तुगीजांचं बिनतारी केंद्र इथे आहे. लिस्बनशी गोव्याचा गव्हर्नर जनरल इथूनच बोलतो. भारतीय हवाई दलाची हंटर विमानं खाली येतात आणि केंद्र उद्ध्वस्त होतं. लिस्बनशी संबंध ठेवायची जबाबदारी बंदरातल्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या युद्धनौकेवर येते, आणि दुपारी भारतीय नौदलाच्या फ्रिगेट तिलाही गाठतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरणागती. तारापूरच्या कोटासमोर जे सुरू झालेलं तुम्ही पाहिलं होतं, त्याचा गोव्यातला शेवट दोनशे बावीस वर्षांनी असा झाला. आणि पहिल्या घावांपैकी एक होता तो शत्रूच्या आवाजावर. आज त्याच बांबोळीत भारतीय लष्कराच्या दुसऱ्या सिग्नल प्रशिक्षण केंद्राची छावणी आहे. महाराष्ट्रातली, कर्नाटकातली, देशभरातली मुलं तिथे संदेश पाठवायला, घ्यायला, शत्रूपासून जपायला शिकतात.

तर सन्मानांचं काय? भारतीय लष्करात युद्धसन्मान, म्हणजे लढाईच्या जागेचं नाव स्वतःच्या यादीत मिरवण्याचा मान, मुख्यतः पायदळ आणि रणगाडा दळाच्या तुकड्यांना मिळतो. तोफखान्याला वेगळ्या प्रकारचे किताब आहेत. सिग्नल तुकड्या जवळजवळ प्रत्येक लढाईत असतात. म्हणून एखादं ठिकाण त्यांच्या एकट्यांच्या नावावर लावणं कठीण, असं समर्थन यासाठी देता येईल. ते मला अर्धवट वाटतं. कूटच्या बिनतारीपाशी बसलेल्यांचं कूट हे त्यांचं नव्हतं का? किल्ल्याकडे गेलेली तार रात्रभर गाठी मारून जिवंत ठेवणाऱ्यांचा तो बचाव नव्हता का? तुकडीच्या कुळाची नोंद लष्कर काटेकोर ठेवतं. माणसांची नोंद मात्र घराघरांत राहते आणि म्हातारा गेला की पुसली जाते.

म्हणून एक विनंती. पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे, बोईसर, कुठेही असा, तुमच्या नात्यात किंवा शेजारी लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त झालेला कुणी असेल तर त्याच्याकडे एक संध्याकाळ जा. किती शत्रू मारलेत असं विचारू नका. कुठली लाइन सांभाळलीत, कुठे तुटली, कशी जोडलीत, कोण सोबत होतं, ते विचारा. तुकडीचं नाव, क्रमांक, साल आणि ठाणं त्याच्यासमोर वहीत लिहा, त्याची सही घ्या, आणि ती वही घरातल्या धाकट्याच्या हवाली करा.